एकमेकांच्या डिस्कवर विसंबलेले दोन संगणक

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरातील लहान कारखाने, वास्तुविशारदांची कार्यालये, पतसंस्था आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा यांच्या संगणकांची देखभाल करताना एक मांडणी मला पुन्हा पुन्हा आढळते. लिनक्सवर चालणारे दोन बऱ्यापैकी सक्षम संगणक असतात, स्वतंत्र फाइल सर्व्हर घेण्याइतकी तरतूद नसते, आणि म्हणून पहिल्याच्या डिस्कवरची एक डिरेक्टरी दुसऱ्याला वाटलेली असते व दुसऱ्याच्या डिस्कवरची एक पहिल्याला. दोन्हीकडची मोकळी जागा उपयोगात येते, सगळ्या फाइली आपल्याच संगणकावर असल्यासारख्या दिसतात आणि नवा खर्च काहीच होत नाही. ही मांडणी कित्येक वर्षे विनातक्रार चालते. मला तिची काळजी वाटते ती याच कारणाने, कारण जो दोष रोजच्या कामात दिसत नाही तो नेमका सगळे बंद पडून पुन्हा सुरू करण्याच्या दिवशी समोर येतो, आणि त्या दिवशी कोणाकडेच सवड नसते.

सोयीसाठी या दोन संगणकांना मी वारणा आणि येरळा अशी नावे देतो. वारणावर सर्वांच्या होम डिरेक्टरी, म्हणजे प्रत्येकाच्या स्वतःच्या फाइलींच्या डिरेक्टरी आहेत आणि त्या येरळाने माउंट केल्या आहेत, म्हणजे नेटवर्कवरून आपल्या डिरेक्टरींच्या रचनेत जोडून घेतल्या आहेत. येरळावर सामाइक सॉफ्टवेअर आणि जुन्या कामांचा साठा आहे आणि तो वारणाने माउंट केला आहे. वाटपासाठी एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम) वापरले आहे, जे युनिक्स आणि लिनक्सच्या जगात आजही सर्वाधिक रुळलेले साधन आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने ते १९८४ मध्ये विकसित केले. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा मसुदा १९८९ मध्ये, तिसरीचा १९९५ मध्ये आणि चौथीचा २००० मध्ये सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध झाला.

एनएफएसच्या पहिल्या आखणीतला एक निर्णय समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट उलगडत नाही. सर्व्हरने (फाइली देणाऱ्या संगणकाने) आपल्या ग्राहकांविषयी (त्या वापरणाऱ्या संगणकांविषयी) काहीही लक्षात ठेवायचे नाही, असे त्या आखणीत ठरवले गेले. प्रत्येक विनंती स्वतःपुरती पूर्ण असते. सर्व्हर मध्येच बंद पडला आणि तासाभराने उठला, तरी ग्राहकाने तीच विनंती पुन्हा पाठवायची आणि काम पुढे चालू ठेवायचे. ग्राहकाच्या दृष्टीने मेलेला सर्व्हर आणि मंद सर्व्हर यांत काही फरकच उरत नाही. हा निर्णय अतिशय विचारपूर्वक घेतलेला होता आणि त्यामुळेच एनएफएस इतकी वर्षे टिकले, असे माझे मत आहे. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा, की ग्राहक कधीही हार मानत नाही. ‘हार्ड’ पद्धतीने माउंट केलेल्या डिरेक्टरीतली फाइल वाचू पाहणारा प्रोग्रॅम सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत अमर्याद काळ थांबतो, आणि सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे, अशा अर्थाची एक ओळ तेवढी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत उमटते. टीसीपी या नेटवर्क पद्धतीवरून चालणाऱ्या माउंटमध्ये पहिल्या विनंतीच्या उत्तरासाठी थांबण्याचा कालावधी ६० सेकंदांचा असतो आणि पुढे तो वाढत जातो.

असे थांबणे एका दिशेचे असेल तोवर त्यात धोका नाही. येरळा वारणासाठी थांबली, वारणा उठली, येरळा पुढे निघाली. अडचण येते ती थांबण्याचे वर्तुळ पूर्ण झाले की.

या वर्तुळाचा सर्वांत साधा प्रकार संगणक सुरू होताना दिसतो. युनिक्सच्या जुन्या पद्धतीत आधी नेटवर्क सुरू होई, मग एफएसटॅब या फाइलीत लिहिलेली दूरची सगळी माउंट केली जात आणि त्यानंतर स्वतःचा एनएफएस सर्व्हर सुरू होई. दोन्ही संगणक एकाच क्षणी सुरू झाले, तर वारणा येरळाच्या साठ्याची वाट पाहत थांबते आणि तिचा स्वतःचा सर्व्हर अजून सुरूच झालेला नसतो. तिकडे येरळा होम डिरेक्टरींची वाट पाहत थांबते आणि तिचाही सर्व्हर सुरू झालेला नसतो. शेजारच्या दोन कुटुंबांनी आपापल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या घरात ठेवावी आणि दोघांनीही एकाच दिवशी कुलूप लावून गावाला जावे, तसे हे आहे. एक कुटुंब घरी असेपर्यंत ही सोय उत्तम आहे.

एक कुटुंब बहुधा घरी असतेच, म्हणून दोष लपून राहतो. देखभालीसाठी आपण एका वेळी एकच संगणक बंद करतो, डिस्क बदलतो, पुन्हा सुरू करतो. दुसरा चालूच असतो आणि सगळे सुरळीत पार पडते. दोन्ही एकदम बंद होण्याचे प्रसंग मात्र आपल्या भागात काही दुर्मीळ नाहीत. एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवाच्या पावसात वाऱ्याने फांद्या तारांवर पडतात आणि वीज जाते. यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर सगळेच संगणक काही मिनिटांत बंद पडतात आणि वीज आली की एकाच क्षणी सुरू होतात. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर तर सांगलीत कोणी विसरलेले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. अनेक भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि ज्यांनी आपले संगणक वेळेत वरच्या मजल्यावर हलवले होते, त्यांनाही पाणी ओसरल्यावर सगळे काही शून्यातून सुरू करावे लागले. वर्षानुवर्षे एकएकटे बंद होऊन उठलेले संगणक अशा वेळी प्रथमच एकत्र उठतात.

आजच्या लिनक्सने या साध्या प्रकारावर बराच उपाय केलेला आहे आणि तो नोंदवणे न्यायाचे होईल. सिस्टमडी ही सेवा सुरू करणारी यंत्रणा वापरणाऱ्या लिनक्स वितरणांत संगणकाचा स्वतःचा एनएफएस सर्व्हर दूरच्या माउंटच्या आधी सुरू व्हावा असा क्रम लावण्याची सोय आहे, आणि माउंटचा प्रयत्नही अनंत काळ चालत नाही. पार्श्वभूमीवर न पाठवलेला प्रयत्न सुमारे २ मिनिटांनी सोडून दिला जातो. त्यामुळे संगणक कायमचा अडकून न राहता पुढे सुरू होतो. तरीही मला ही स्थिती पूर्णपणे दिलासादायक वाटत नाही. माउंट झाले नाही, तरी माउंट पॉइंटची रिकामी डिरेक्टरी जागेवर असतेच. रात्रीचा बॅकअप तिथे लिहायला जातो, त्याला डिरेक्टरी सापडते, आणि येरळावर जायची माहिती वारणाच्या स्वतःच्या मुख्य (रूट) डिस्कवर साचत राहते. डिस्क भरते तेव्हा कोणाला कारण समजत नाही, कारण तोपर्यंत कोणीतरी माउंट दुरुस्त केलेले असते आणि त्याच्याखाली दडलेल्या फाइली दिसेनाशा झालेल्या असतात. यावर साधा उपाय असा, की माउंट करण्यापूर्वी त्या रिकाम्या डिरेक्टरीला चॅटर या कमांडने ‘इम्यूटेबल’ करून ठेवावे, म्हणजे माउंट नसताना तिथे लिहिण्याचा प्रयत्न लगेच चूक म्हणून परत येतो. आरडाओरडा करून अपयशी ठरणारा बॅकअप मला चुकीच्या जागी मुकाट्याने पार पडलेल्या बॅकअपपेक्षा केव्हाही पत्करेल.

क्रम नीट लावला तरी वर्तुळ दुसऱ्या वाटेने पूर्ण होऊ शकते, आणि अलीकडे मला हाच प्रकार अधिक दिसतो. वारणाच्या एक्स्पोर्ट्स या, कोणाला काय वाटायचे ते सांगणाऱ्या, फाइलीत ग्राहकांची नावे लिहिलेली असतात, आयपी पत्ते नव्हे. त्या नावांचा पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर येरळावरच्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) चालतो. त्या व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे एक मोठी फाइल, आणि ती जागेच्या टंचाईमुळे वारणाच्या डिस्कवर ठेवलेली असते. आता वारणाला येरळा ओळखता यावी म्हणून डीएनएस हवा, डीएनएससाठी व्हर्च्युअल मशीन हवे, आणि व्हर्च्युअल मशीनसाठी वारणाने येरळाला फाइल द्यायला हवी. या साखळीतला प्रत्येक दुवा वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसाने, त्या वेळच्या गरजेप्रमाणे योग्य विचार करून जोडलेला असतो. दोष कोणा एकाचा नसतो. पूर्ण साखळी एका नजरेत कोणी पाहिलेलीच नसते. लॉगिनसाठी एलडॅप (वापरकर्त्यांची मध्यवर्ती सूची) वापरणाऱ्या ठिकाणीही अगदी हेच घडते.

दुसरा प्रकार चालू संगणकांचा. भर दुपारी येरळा बंद पडली, तर वारणावर काय होते? येरळाच्या डिरेक्टरीला हात लावणारा प्रत्येक प्रोग्रॅम ‘डी’ अवस्थेत, म्हणजे जागे न करता येणाऱ्या झोपेत जातो. लिनक्सच्या २.६.२५ या आवृत्तीपासून अशा प्रोग्रॅमला निदान किल संदेशाने संपवता येते. त्याआधी ‘इंटर’ हा पर्याय माउंट करतानाच दिलेला नसेल तर तेही शक्य नसे. लिनक्समध्ये लोड अॅव्हरेज (संगणकावरील कामाचा सरासरी ताण) मोजताना हे झोपलेले प्रोग्रॅमही धरले जातात, म्हणून प्रोसेसर रिकामा असताना लोड चाळीस-पन्नासवर गेलेला दिसतो आणि पाहणारा भलत्याच दिशेने शोध घेऊ लागतो. डिस्कची मोकळी जागा पाहण्यासाठी डीएफ ही कमांड द्यावी, तर तीही प्रत्येक माउंटची चौकशी करत असल्याने तिथेच अडकते. जुन्या युनिक्समध्ये चालू डिरेक्टरीचे नाव सांगणारी पीडब्ल्यूडी कमांडसुद्धा अडकत असे, कारण ती एकेक पायरी वर चढून वरच्या डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद तपासत जाई आणि सर्वांत वरच्या रूट डिरेक्टरीतच दूरचे माउंट असेल तर त्याला धडके. म्हणून दूरची माउंट थेट रूटखाली न ठेवता एका वेगळ्या डिरेक्टरीच्या पोटात, सर्व्हरच्या नावाने स्वतंत्र कप्पा करून ठेवावीत, हा जुन्या जाणत्यांचा सल्ला आजही पाळावा असा आहे.

याहून गंभीर गोष्ट रूट या सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याची. सामाइक सॉफ्टवेअर येरळावर असल्याने ती डिरेक्टरी सर्वांच्या पाथमध्ये (कमांड शोधण्याच्या डिरेक्टरींच्या यादीत) पुढे घातलेली असते आणि रूटही त्यातून सुटलेला नसतो. येरळा बंद असताना वारणावर रूट म्हणून लॉगिन केले, की शेल (कमांड स्वीकारणारा प्रोग्रॅम) पहिली कमांड शोधायला येरळाकडे जाते आणि तिथेच थांबते. दुरुस्ती करणाऱ्याला घरातच शिरता येत नाही. रूटची होम डिरेक्टरी आणि रूटचा संपूर्ण पाथ त्याच संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर असला पाहिजे. यात मी कोणतीही सवलत मान्य करणार नाही. ‘लेझी’ अनमाउंट करून अडकलेले माउंट नजरेआड करता येते, परंतु जे प्रोग्रॅम आधीच अडकले आहेत ते त्याने सुटत नाहीत.

तिसरा प्रकार मेमरीचा. त्याची यंत्रणा सहसा कोणी सांगत नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो. लिनक्समध्ये एखाद्या प्रोग्रॅमने फाइलीत काही लिहिले, की तो मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. तो मेमरीतल्या पानांवर लिहिला जातो, ती पाने ‘डर्टी’ ठरतात, आणि कर्नल सवडीने ती डिस्कवर उतरवतो. सर्वसाधारण मांडणीत अशी पाने उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली की उतरवण्याचे काम पार्श्वभूमीवर सुरू होते, आणि २० टक्क्यांवर गेली की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच कर्नल रोखून धरतो. फाइल दूरच्या सर्व्हरवर असेल, तर पान स्वच्छ होण्यासाठी तो मजकूर नेटवर्कवरून सर्व्हरकडे जाऊन त्याची पोच यावी लागते. तिसऱ्या आवृत्तीपासून सर्व्हर मजकूर मिळाल्याचे आधी सांगू शकतो आणि डिस्कवर पक्का झाल्याचे नंतर, ‘कमिट’च्या वेळी. मधल्या काळात सर्व्हर बंद पडला तर मजकूर पुन्हा पाठवता यावा म्हणून ग्राहकाला ती पाने कमिट होईपर्यंत जपून ठेवावी लागतात.

आता असे समजा की वारणाचा बॅकअप येरळावर जातो आणि येरळाचा वारणावर, आणि दोन्ही रात्री दोन वाजता सुरू होतात. वारणाची मेमरी येरळाकडे जायच्या पानांनी भरते. येरळाची मेमरी वारणाकडे जायच्या पानांनी भरते. वारणावर एनएफएसडी, म्हणजे विनंत्या स्वीकारणारा कर्नलमधला सर्व्हर, येरळाकडून आलेला मजकूर लिहून घेऊ पाहतो; परंतु लिहून घ्यायला त्याला मेमरी हवी, आणि मेमरी मोकळी करायची तर आधी येरळाकडची पाने स्वच्छ व्हायला हवीत. ती स्वच्छ होण्यासाठी येरळाच्या एनएफएसडीने ती लिहून घ्यायला हवीत, आणि त्यालाही नेमकी हीच अडचण आहे. दोन्ही सर्व्हर जिवंत आहेत, नेटवर्क चालू आहे, पिंगला उत्तर येते, आणि तरीही एकही बाइट पुढे सरकत नाही.

एकाच संगणकाने स्वतःचीच डिरेक्टरी एनएफएसने माउंट केली तर हा प्रकार अधिकच सहज उद्भवतो. हे ऐकायला विचित्र वाटते, परंतु दोन संगणकांच्या क्लस्टरमध्ये एक बंद पडून त्याचे सर्व्हरपद दुसऱ्याकडे गेले, की तो दुसरा संगणक आपोआप स्वतःचाच ग्राहक होतो. लिनक्स कर्नलचे विकासक नील ब्राउन यांनी २०१४ मध्ये या प्रश्नावर तपशीलवार काम केले. एनएफएसडीला डर्टी पानांच्या मर्यादेत इतरांपेक्षा थोडी अधिक सवलत देण्याची पद्धत कर्नलमध्ये होतीच. २०२० मधील ५.८ या आवृत्तीत ती बदलली आणि एनएफएसडी ज्या डिस्कवर लिहितो आहे त्याच डिस्कच्या डर्टी पानांचा हिशेब पाहून त्याला रोखावे, इतरांच्या पानांसाठी त्याला शिक्षा करू नये, असे ठरले. हा मला फार सुंदर उपाय वाटतो, कारण वर्तुळ ज्या एका जागी तोडता येते ती जागा शोधून नेमकी तिथेच कात्री लावली आहे. नव्या कर्नलवर त्यामुळे हा धोका पुष्कळ कमी झाला आहे. आपल्याकडच्या कार्यालयांत मात्र दहा-दहा वर्षे न बदललेले कर्नल सर्रास चालू असतात आणि त्यांना या सुधारणा मिळालेल्या नाहीत. शिवाय, कर्नल आपल्या एका संगणकाचा हिशेब पाहू शकतो. समोरच्या संगणकाची मेमरी कशाने भरली आहे हे त्याला कधीच कळत नाही.

मेमरी मुबलक असली तरी थ्रेडची, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या कामकऱ्यांची, संख्या मर्यादित असते. अनेक मांडण्यांत एनएफएसडीचे आठच थ्रेड चालतात. वारणाने येरळाची डिरेक्टरी माउंट करून ती पुढे इतरांना वाटली, आणि येरळानेही वारणाची तशीच पुढे वाटली, तर गर्दीच्या वेळी वारणाचे आठही थ्रेड येरळाच्या उत्तरासाठी आणि येरळाचे आठही वारणाच्या उत्तरासाठी अडकू शकतात. उत्तर द्यायला मोकळा थ्रेड दोन्हीकडे उरत नाही. थ्रेड वाढवल्याने ही वेळ पुढे ढकलली जाते, टळत नाही. असे पुनर्वाटप करूच नये.

लॉकचा प्रकार यापेक्षा वेगळा आहे, परंतु मूळ तेच. एक प्रोग्रॅम वारणावरची फाइल लॉक करून येरळावरच्या फाइलीचे लॉक मागतो आणि दुसरा प्रोग्रॅम उलट क्रमाने तेच करतो. दोन्ही फाइली एकाच संगणकाच्या डिस्कवर असत्या, तर कर्नलने हे वर्तुळ ओळखून एकाला नकार दिला असता. इथे वारणाच्या सर्व्हरला अर्धी बाजू दिसते, येरळाच्या सर्व्हरला उरलेली अर्धी, आणि पूर्ण वर्तुळ कोणालाच दिसत नाही. उपाय एकच आणि तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती आहे: लॉक नेहमी ठरलेल्या एकाच क्रमाने घ्यावीत.

अशा अडकलेल्या वर्तुळाला डेडलॉक म्हणतात. तो होण्यासाठी कोणत्या चार गोष्टी एकाच वेळी लागतात, हे कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ मध्ये मांडले आणि ती मांडणी आजही तितकीच उपयोगी आहे. साधन एका वेळी एकालाच वापरता येणे, हाती असलेले न सोडता दुसरे मागणे, कोणाकडूनही साधन जबरदस्तीने काढून घेता न येणे, आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ पूर्ण होणे, या त्या चार अटी. यांतली एक जरी मोडली तरी डेडलॉक होत नाही. एनएफएसच्या बाबतीत पहिल्या दोन अटी मोडणे आपल्या हातात नाही. राहतात तिसरी आणि चौथी.

तिसरी अट मोडण्याचा मोह फार जणांना होतो, आणि त्यासाठी ‘सॉफ्ट’ माउंट वापरले जाते. सॉफ्ट माउंटमध्ये ठरावीक प्रयत्नांनंतर ग्राहक हार मानतो आणि प्रोग्रॅमला चूक कळवतो. संगणक अडकत नाही हे खरे, परंतु बहुतेक प्रोग्रॅम फाइल लिहिताना मध्येच अशी चूक येईल हे धरून लिहिलेले नसतात. अर्धी फाइल लिहिली जाते, प्रोग्रॅम काम पूर्ण झाल्याचे सांगतो आणि नुकसान काही महिन्यांनी उघडकीस येते. एनएफएसच्या स्वतःच्या माहितीपानावरही सॉफ्ट माउंटमुळे नकळत माहिती बिघडू शकते, असा इशारा दिलेला आहे. कुपवाडच्या कारखान्यातले सुट्या भागांचे आरेखन असो, पतसंस्थेची खातेवही असो किंवा विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रकल्प असो, लिहिण्याच्या माउंटसाठी मी सॉफ्ट पर्याय कधीही सुचवणार नाही. फक्त वाचण्यापुरत्या साठ्यासाठी तो चालू शकेल.

म्हणून चौथी अट, वर्तुळ, हीच तोडावी. वाटप एकाच दिशेने असावे. दोनच संगणक असतील तर डिस्क एकाच संगणकात बसवावी, भले दुसऱ्यातल्या डिस्कची जागा थोडी वाया गेली तरी चालेल. आजच्या डिस्कच्या किमतीत ती जागा वाचवण्याइतकी मौल्यवान राहिलेली नाही. शक्य असल्यास कोणाचाही ग्राहक नसलेला, केवळ फाइली देणारा एक लहानसा तिसरा संगणक ठेवावा. डीएनएस आणि लॉगिनच्या सेवा ज्या संगणकावर चालतात, त्याच्या स्वतःच्या डिस्कवरच त्यांच्या फाइली असाव्यात. फाइल सर्व्हरच्या एक्स्पोर्ट्समध्ये आयपी पत्ते लिहावेत, किंवा नावे लिहायचीच असतील तर ती त्याच्याच होस्ट्स फाइलीत असावीत. दूरच्या डिस्कवर स्वॅप (मेमरी अपुरी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) ठेवू नये.

परस्पर वाटप टाळताच येत नसेल, तर प्रत्येक माउंटला ‘बीजी’ पर्याय द्यावा, म्हणजे पहिला प्रयत्न फसल्यावर पुढचे प्रयत्न पार्श्वभूमीवर चालू राहतात आणि संगणक पुढे सुरू होतो. हे प्रयत्न १०,००० मिनिटे, म्हणजे जवळजवळ आठवडाभर चालतात. त्याहून चांगले म्हणजे ऑटोमाउंट: डिरेक्टरीला कोणी हात लावला तरच ती माउंट होते आणि वापर थांबल्यावर सुटते. मात्र संगणक सुरू होतानाच एखादी सेवा त्या डिरेक्टरीत डोकावत असेल, तर ऑटोमाउंटने काहीच साधत नाही. काही जण बायोसमध्ये वीज आल्यावर एका संगणकाने उशिरा सुरू व्हावे अशी वेळ लावतात. एका संस्थेत मी ही युक्ती लावलेली पाहिली आणि ती चालतही होती, परंतु ती वर्तुळ तोडत नाही. डिस्क तपासणीला एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला की सगळा हिशेब कोलमडतो. बॅकअपच्या वेळा वेगवेगळ्या ठेवणे हेही तसेच आहे: करावे, पण त्यावर विसंबू नये.

मांडणी कशीही असो, एक कागद घेऊन त्यावर प्रत्येक संगणक आणि प्रत्येक सेवा लिहावी आणि सुरू होताना जी ज्यासाठी थांबते तिच्याकडून त्याच्याकडे बाण काढावा. फाइली, नावे, लॉगिन, घड्याळाची वेळ, परवाना सर्व्हर, सगळे बाण काढावेत. बाणांवरून बोट फिरवत आपण निघालो त्याच जागी परत आलो, तर वर्तुळ सापडले.

कागदाची खात्री करायची तर सराव करावा लागतो, आणि त्यासाठी पावसाळ्यापूर्वीचा मे महिन्यातला एखादा रविवार योग्य. ताजा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन, तो खरोखर उघडतो हे पाहून, दोन्ही संगणक रीतसर बंद करावेत, मुख्य स्विच बंद करावा आणि काही मिनिटांनी चालू करावा, म्हणजे दोन्ही एकाच क्षणी उठतील. कोणतीही मदत न करता ते आपले आपण कुठवर येतात हे पाहावे. मग प्रत्येकावर प्रत्यक्ष कीबोर्ड जोडून रूट म्हणून लॉगिन होते का, डीएफ कमांड शेवटपर्यंत चालते का, आणि प्रत्येक माउंट पॉइंटवर खरोखर समोरची डिस्क आहे की नुसती रिकामी डिरेक्टरी, हे तपासावे. नंतर एक संगणक बंद ठेवून दुसरा एकटा सुरू करावा, आणि तेच उलट क्रमाने करावे. जे अडकले ते कागदावर तांबड्या शाईने लिहावे, आणि तो कागद सर्व्हरच्या खोलीतच, वरच्या फळीवर, पुराचे पाणी पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावा.